रोळलेली पावडर

सुभद्राबाई : चहा प्या, भूक लागली आसंल तर चार घास खाऊन जा. पन कंपनीचं नाव माज्या ओसरीवर काढायचं न्हाई, आत्ताच सांगून ठिवते.

रोहिदास : अवो मावशी, गुरुवारची सुट्टी सोडून आलोत आम्ही. चाकण चौकात पाऊण तास गाडीवर उन्हात शिजलो. ह्या पूनम मॅडम तर थेरगावहून बस बदलत आल्या चाकणपर्यंत. कंपनीचं नाव काढायचं न्हाई म्हणल्यावर आम्ही काय हवापाण्याचं बोलावं का?

सुभद्राबाई : बोल की. यंदा ऊन लई हाय.

पूनम : मावशी, चारशे रिंगा परत आल्या.

सुभद्राबाई : कुटल्या?

पूनम : पंपाच्या. परदेशी पाठवतो त्या. सगळ्यांच्या तोंडावर ओरखडे आहेत. ही बघा, एक आणलीये.

सुभद्राबाई : द्या हिकडं. उजेडाला धरू द्या जरा. आगं बया बया! ह्याच्यावरनं नांगर फिरवलाय का काय कुनी? रोहिदास, तुज्या मशीनवरची हाय का रं ही?

रोहिदास : माझ्याच. आता मी काय करू सांगा. प्लेट तीच, तेल तेच, पावडर त्याच डब्यातली. पावडर तेलात कालवायची, प्लेटवर टाकायची, रिंगा घासायच्या. बारा वर्षं हेच करायलो. तुम्ही होतात तवर रिंग आरशावानी निघायची. पॅकिंगच्या पोरी तिच्यात बघून टिकली नीट करायच्या. तुम्ही गेलात आन् आठ दिवसांत हे असं.

सुभद्राबाई : माजा काय संबंध त्येच्यात? मी आपली भांडी धुनारी बाई.

रोहिदास : तुम्ही पावडर धुवायच्या ते बंद झालं ना.

सुभद्राबाई : मंग धुवा की! नळाला पानी हाय, बादली हाय, आन् तुमी तर सगळी शिकल्याली मानसं.

रोहिदास : धुतली मावशी. चाळणीत घेतली आन् नळाखाली धरली. सगळी पावडर गटारात गेली. हातात चाळणी ऱ्हायली.

सुभद्राबाई : अरं माज्या कर्मा! चाळनीत? पिठापरीस बारीक आस्ती ती!

रोहिदास : हसा, हसा. आमचे मॅनेजर रविराज सर बी असंच हसले, पण नंतर लई बोलले.

पूनम : मावशी, हसलात ते बरं वाटलं. पण मला आधी एक सांगायचंय, मग चहा पिते. फाइव्ह एस चालू होतं तेव्हा, म्हणजे कारखान्यातली नको ती वस्तू शोधायची आणि तिला लाल चिठ्ठी लावायची, तेव्हा तुमच्या कोपऱ्यातल्या काचेच्या बरण्यांना आणि त्यांच्या मागच्या त्या जुन्या कॅलेंडरला...

सुभद्राबाई : "मुदत संपलेले कॅलेंडर. अनावश्यक." आसं लिवलं व्हतं. खाली तुमची सही.

पूनम : तुम्हाला माहीत होतं?

सुभद्राबाई : सातवी पास हाय मी म्याडम. सही वाचता येती.

पूनम : आणि तरी मला आत घेतलंत? चहा दिलात?

सुभद्राबाई : दारात आल्याल्या मानसाला मंग काय, दगड मारू? राग हायच. तो च्या देऊन जानार न्हाई, तुमी पिऊन बी जानार न्हाई. प्या, साय धराया लागलीया.

पूनम : नुसत्या चिठ्ठ्याच नाही. कामाच्या शीटवर एक ओळ होती, "भांडी व पावडर धुणे, हाउसकीपिंग". मी म्हटलं, पावडर पॅकबंद येते, तिला कशाला धुवायचं? खोडली. दोन सेकंद लागले असतील, आणि तुमचं काम गेलं. एकदा येऊन बघितलंसुद्धा नाही तुम्ही काय करता ते.

सुभद्राबाई : त्येच लागलं मला. काम गेलं त्येचं न्हाई. पोरगा कमवता हाय, सून चांगली हाय, घरचे तांदूळ हायेत. पन येकवीस वर्सं जे केलं ते म्हंजी भांडी घासनं, आसं कागदावर वाचलं. त्या दिशी येष्टीत रडले मी. शेजारची बाई इचारती, कोन गेलं का वो घरातलं?

रोहिदास : मावशी...

सुभद्राबाई : तू गप. तू तरी कवा इचारलं, मावशी काय करतीस म्हनून? आयती पावडर घ्यायचा आन् पळायचा.

रोहिदास : न्हाई इचारलं. खरं हाय.

पूनम : मावशी, आता मी ज्यासाठी आलेय ते ऐका. रिंगा परत येण्याच्या आधी त्या परदेशी कंपनीनं एक फॉर्म पाठवला होता. बावन्न प्रश्न. त्यांची ऑडिटर आहे एक, वयानं तुमच्याएवढी असेल. सदतिसावा प्रश्न होता, की तुम्ही तुमची पावडर वापरण्याआधी इल्युट्रिएट करता का? हो किंवा नाही.

सुभद्राबाई : काय करता का?

पूनम : इल्युट्रिएट. मलाही कळलं नाही. मी बी. ई. झालेली, पण हा शब्द जन्मात वाचला नव्हता. रविराज सरांना विचारलं, ते म्हणाले, आपण असलं काही करत नाही, नो लिही. हिंजवडीला माझी मैत्रीण आहे विजयश्री, दिवसभर इंग्रजीतच बोलते, तिलाही नाही आला. मग मी शीट बघितली. शीटवर असं काहीच नाही. म्हणून लिहिलं, नाही.

रोहिदास : आन् झालं मंग.

पूनम : नाही, तिथं संपलं असतं तर मी आज इथं नसते. त्या बाईंचं उत्तर आलं. थांबा, मोबाइलवर आहे, मराठीत सांगते. त्या लिहितात, "तुमचं उत्तर वाचून मला नवल वाटलं. तुमच्या जुन्या रिंगा मी अनेक वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली बघत आले आहे. हे केल्याशिवाय असा पृष्ठभाग मिळत नाही. तुमच्याकडे कुणीतरी हे करत होतं, आणि फार चांगलं करत होतं. ते आता थांबलं आहे. कृपया त्या व्यक्तीला शोधा."

सुभद्राबाई : कोन म्हनतंय आसं?

पूनम : ती ऑडिटर. स्वीडनमधली.

सुभद्राबाई : ती आल्ती कवा कंपनीत?

पूनम : कधीच नाही. तुम्हाला पाहिलं नाही, चाकण पाहिलं नाही. नुसती रिंग बघितली आणि रिंगेवरून तुम्हाला ओळखलं. मावशी, तुमच्यापासून वीस पावलांवर माझं टेबल आहे. मला दिसलं नाही ते तिला सात समुद्रापलीकडून दिसलं!

सुभद्राबाई : पुन्यांदा वाचा बरं, ते चांगलं करत व्हतं म्हनतीया ते.

पूनम : "तुमच्याकडे कुणीतरी हे करत होतं, आणि फार चांगलं करत होतं."

सुभद्राबाई : बगा.

रोहिदास : मावशी, उद्या बारा वाजता त्या बाईसंगं मालकांची, दादासाहेबांची मीटिंग हाय. त्या इचारणार, माणूस सापडलं का. न्हाई म्हणलं तर रिंगांचं काम बंद. मपली लाइन बंद. म्हणून आलोत. उद्या येताव का, एवढंच सांगा.

सुभद्राबाई : ते मागनं बघू. तिचा त्यो शब्द, त्यो म्हंजी मी करते तेच, ह्ये कशावरनं? उगं माज्या नावावर काय बी खपवू नका. म्याडम, पावडर आनलीया?

पूनम : आणलीये. एक किलो, न उघडलेली.

सुभद्राबाई : बरण्या हायेत माज्याकडं. भंगारात चालल्या व्हत्या, पिशवीत घालून घेऊन आले. कॅलेंडर बी आनलंय. रोहिदास, आतनं पाटावरची बरणी आन, मोठी. दुसरी खिडकीत हाय.

(ओसरीवर काचेची मोठी बरणी. तिच्या मागे भिंतीला टेकवलेलं जुनं कॅलेंडर. सुभद्राबाई पाण्यात राखाडी पावडर टाकून लाकडी पळीनं ढवळतात आणि पळी बाहेर काढतात. तिघं बरणीसमोर मांडी घालून बसतात.)

पूनम : आता?

सुभद्राबाई : आता काय न्हाई. हात लावायचा न्हाई, बरणीला धक्का द्यायचा न्हाई. बगत बसायचं.

रोहिदास : नुसतं राखेचं पाणी दिसायलंय.

सुभद्राबाई : दिसू दे. तवर म्याडम, तुमच्या त्या शब्दाचा अर्थ सांगा.

पूनम : डिक्शनरीत असं आहे बघा. भुकटी पाण्यात ढवळायची, जड कण खाली बसू द्यायचे, आणि हलके कण वरच्या पाण्याबरोबर अलगद ओतून वेगळे करायचे. असं करून ती शुद्ध करणं. मूळ शब्द लॅटिन, धुऊन बाहेर काढणं असा अर्थ. म्हणजे बघा, इंग्रजांच्याही आधी कुणीतरी हे करत होतं.

सुभद्राबाई : मंग हे तर रोळनं झालं!

पूनम : काय?

सुभद्राबाई : रोळनं वो. तांदूळ रोळत्यात ते. माजं म्हायेर भीमाशंकरकडचं, भाताचा मुलूख. खळ्यावरच्या तांदळात बारीक खडं आसायचं. आई पान्यात तांदूळ घालून आसं गोल फिरवायची, तांदूळ वरच्या वर दुसऱ्या भांड्यात जायचा, खडा तळाशी ऱ्हायचा. डोळं झाकून करायची. मला शिकवलं तवा मी सात वर्सांची आसंन.

पूनम : रोळणं. माझी आजी म्हणायची बहुतेक. मी कधी केलं नाही, आमच्याकडे पाकिटातला तांदूळ येतो.

सुभद्राबाई : पाकिटातला. म्हनून तुमाला वाटलं पावडर बी पाकिटातली म्हंजी चोख.

पूनम : अगदी तसंच वाटलं.

रोहिदास : मॅडम, तो शब्द कशाकशाला लावतेत? कापडं धुतली तर म्हणता येतंय का, मी कापडं इल्युट्रिएट केली?

पूनम : नाही. कपड्याचा मळ जातो, पण कपड्यात जड-हलकं काही वेगळं होत नाही. इथं उदाहरणं दिलीत. कुंभाराची माती, औषधाची भुकटी, रंग, आणि भिंगं घासायची पावडर. जिथं एकाच ढिगात जाडबारीक कण मिसळलेत आणि चाळणीनं वेगळे होत नाहीत, तिथंच हा शब्द.

सुभद्राबाई : मानसाला लावत्यात का?

पूनम : माणसाला? तसं काही दिलेलं नाही इथं.

सुभद्राबाई : बरं हाय. न्हाई तर लोकं लगीच लावायला बघत्यात.

रोहिदास : पण मावशी, पावडर बी रोळायची हे तुम्हाला सुचलं कसं? नानासाहेबांनी सांगितलं का?

सुभद्राबाई : त्यांना कुटं म्हाईत! कंपनी नवी व्हती, मी फरशी पुसायला. नानासाहेब, दादासाहेबांचे वडील, येक दिस डोक्याला हात लावून बसल्यालं. रिंगंला रेघा पडत्यात, का पडत्यात कळंना. माज्या बादलीत पावडर सांडली व्हती. मी बगितलं, तळाशी जाड बसलंय, वर गढूळ. बोटानं चोळून बगितलं, तळाचं टोचतंय. मी म्हनलं, सायेब, तुमच्या तांदळात खडं हायेत.

पूनम : असं म्हणालात? मालकाला?

सुभद्राबाई : मंग कसं म्हननार? त्यांनी हासून बगितलं माज्याकडं, मंग उठलं, बादलीत हात घातला, गाळ चोळून बगितला. म्हनले, सुभद्राबाई, आजपासनं फरशी दुसरं कुनीतरी पुसंल. त्यांनी मला कवा मावशी म्हनलं न्हाई. ते गेल्यावर कागदं बदलली, आन् मी हाउसकीपिंगात गेले. आता बगा, बगा तिकडं! काय दिसतंय बरणीतनं?

पूनम : काहीतरी लाल. अरे! कॅलेंडरवरचा रविवार!

सुभद्राबाई : लाल आकडं दिसलं, म्हंजी जाड खाली बसलं. आता वरचं पानी दुसऱ्या बरणीत वतायचं. हळू. तळ हालता कामा नये. हं. ह्यो तळाचा गाळ, ह्योच तुमचा नांगर. आता दुसऱ्या बरणीमागं कॅलेंडर लावा.

पूनम : आणि आता कशाची वाट बघायची?

सुभद्राबाई : आता काळं आकडं. आन् मंग त्येच्या खालची बारीक अक्षरं, चतुर्थी, येकादशी. ती वाचता आली की वरचं पानी टाकून द्यायचं. त्येच्यात लई बारीक आसतंय, ते नुसतं चोळतंय, कापत न्हाई. तळाशी बसल्यालं ते आपलं. जाड बी न्हाई, लई बारीक बी न्हाई. मधलं.

रोहिदास : म्हणजे ते कॅलेंडर तारखेला न्हवतंच!

सुभद्राबाई : तारखेचं काय करायचंय? घड्याळ लावलं तर थंडीत येक येळ, उन्हाळ्यात दुसरी. पानी गार आसलं की गाळ सावकाश बसतो. आकडं फसवत न्हाईत.

पूनम : मावशी, थंड पाणी दाट असतं. आम्हाला कॉलेजात याच्यावर एक अख्खा धडा होता, सूत्र पाठ केलं होतं मी, परीक्षेत दहा मार्कांचं लिहिलं होतं. आणि तुम्ही ते कॅलेंडरवर... मी त्यालाच लाल चिठ्ठी लावली. देवा!

सुभद्राबाई : बरं, डोळं पुसा. पानी बगा.

रोहिदास : एवढी बारा वर्षं बाजूला उभं ऱ्हाऊन मी हे बगितलं न्हाई. काय म्हणावं मला!

सुभद्राबाई : काळं दिसाया लागलं. म्याडम, तुमचं डोळं तरणं हायेत. वाचा.

पूनम : सोळा. सतरा. सतराखाली... संकष्टी चतुर्थी. वाचता येतंय!

सुभद्राबाई : मंग वता. तुमी वता. न्हाई, मी धरत न्हाई, तुमच्या हातानं होऊ द्या. सावकाश. थांबा! बास. आता तळाचं चिमूटभर नखावर घ्या, आन् ह्या काचंवर घासा. कानाजवळ न्या.

पूनम : काहीच ऐकू येत नाही.

सुभद्राबाई : आता पहिल्या बरणीच्या तळाचं घ्या.

पूनम : कर्रकन् वाजलं! रोहिदास, ऐकलंत? बाप रे. एकाच पाकिटातलं आहे हे दोन्ही!

रोहिदास : ऐकलं. दाताखाली खडा यावा तसं.

पूनम : मावशी, तुम्हीच करता हे. शंकाच नाही. तिनं विचारलं होतं ते हेच.

सुभद्राबाई : मी कुटं करते? पानी करतंय. मी आपली बगत बसते, आन् येळंला वतते.

पूनम : ते वेळेला ओतणंच तर कुणाला येत नाही. दोन मिनिटं थांबा, मला एक फोन करायचाय. इथूनच करते, तुमच्यासमोर.

रोहिदास : दादासाहेबांना? मॅडम, आज सुट्टी हाय, चिडतेन बरं का.

पूनम : चिडू देत. ...हॅलो, नमस्कार सर, पूनम बोलतेय. सर, तो फॉर्म मी आज परत पाठवतेय, सदतिसावं उत्तर बदलून. आधीचं चुकीचं होतं. ...नाही सर, रविराज सरांचं नाही, सही माझी आहे. ती ओळ शीटवरून मीच खोडली, न बघता. मीटिंगमध्ये तसंच सांगा. ...हो, चालेल, माझं नाव घेऊन सांगा. ...हो सर, सापडली ती व्यक्ती. राजगुरुनगरच्या अलीकडे, त्यांच्या घरीच बसलेय. ...एक मिनिट सर, तिथं नाव लिहावं लागेल, विचारते. मावशी, तुमचं पूर्ण नाव काय? आपल्याकडे रजिस्टरला नुसतं "हाउसकीपिंग तीन" आहे.

सुभद्राबाई : कशापायी?

पूनम : फॉर्मवर लिहायला. कोण करतं, असा रकाना आहे.

सुभद्राबाई : सुभद्रा चिमाजी सांडभोर.

पूनम : सर, लिहून घ्या. उत्तर, हो. सुभद्रा चिमाजी सांडभोर इल्युट्रिएट करतात. एकवीस वर्षांपासून. ...नाही सर, उद्या येतील का ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. मी त्यांना कुठल्या तोंडानं विचारू? ...बरं. ठेवते सर.

रोहिदास : काय म्हणले?

पूनम : म्हणाले, वडील त्यांच्याबद्दल बोलायचे, माझ्या लक्षातच राहिलं नाही.

रोहिदास : मावशी, आता तरी बोला. येताव का उद्या?

सुभद्राबाई : सकाळच्या शिफ्टला येते. मोठी गाडी पाठवा म्हनावं, बरण्या मी मांडीवर धरून आननार, तुज्या फटफटीवर न्हाई.

रोहिदास : मपल्या घरचं लगीन असल्यावानी गाडी पाठवितो!

पूनम : मावशी, आणखी काही हवंय तुम्हाला? शीटवर, कागदावर, काहीही सांगा.

सुभद्राबाई : कागदाचं तुमचं तुमी बघा. म्याडम, मगाशी फोनवर काय म्हनलात, ते पुन्यांदा येकदा म्हना की.

पूनम : इल्युट्रिएट?

सुभद्राबाई : ते न्हाई वो. त्येच्या आधी म्हनलात ते, नाव.